धोंड्याचा एसी

"करंट म्हंजी काय? पाणीच की!" असं तात्यासाहेब म्हणाले, आणि शहराच्या कडेच्या पडेगावातल्या त्यांच्या घरातलं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

हे त्यांनी ऐकवलं बन्सीला. बन्सी म्हणजे एसी बसवणारा मिस्त्री. तो तेव्हा स्टुलावर चढून भिंतीला भोक पाडत होता. ऐन मे महिना. निम्म्या शहरानं एकाच आठवड्यात एसी घेतलेले, त्यामुळे बन्सी एका हातानं भोक पाडायचा आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर पुढच्या गिऱ्हाइकाला "निघालोच" म्हणून सांगायचा.

"काका, टांगून देतो," तो म्हणाला, "पण चालू करू नका. याला वेगळी लाईन लागती. मेन बोर्डापासून थेट इथपर्यंत जाड वायर, तिला स्वतःचा वीस अँपिअरचा एमसीबी, आणि नीट अर्थिंग. तुमच्या अख्ख्या घराला एकच एमसीबी, तो पण दहाचा. दीड टनाचा एसी एकटाच सात-आठ अँपिअर खातो. वर फ्रिज लागला, मोटर लागली, की पडला खाली."

"कोण, एसी?" चतुराबाईंनी घाबरून विचारलं. या तात्यासाहेबांच्या मंडळी.

"एमसीबी, काकू! मेन बटन पडतं, घरातली लाईट जाती."

"मग वढ की लाईन!" तात्या म्हणाले.

"ते वायरमनचं काम. आमचा वायरमन सीझन संपेस्तोवर सापडत नसतो."

एवढं बोलून बन्सी खरोखरच निघाला. एसी भिंतीवर, प्लग लोंबकळत, आणि जावई रविवारी धोंड्याला येणार!

आता हा एसी आला कसा, ते सांगितल्याशिवाय गाडी पुढं जायची नाही. गेल्या उन्हाळ्यात तात्यांची लेक रोहिणी तिच्या पोरीला, जिऊला, घेऊन राहायला आली होती. दुसऱ्याच दिवशी लेकराच्या पाठीवर घामोळ्या उठल्या. जावई बद्रीनाथ पुण्याहून आले आणि मायलेकींना घेऊन गेले. जाताना म्हणाले, "मामा, राग मानू नका. एसी असता तर महिनाभर ठेवलं असतं." माणूस सरळ. वाईट बोलला नाही. पण तेव्हापासून चतुराबाईंनी व्हिडिओ कॉलवर नातीचे म्हणून मोबाईलच्या काचेचे इतके मुके घेतले होते, की त्यातलं चित्र पुसट दिसायचं. त्या बाईनं जन्मात कधी दागिना मागितला नव्हता, कधी तीर्थाला न्या म्हटलं नव्हतं. फक्त म्हणायची, "माझी नात आठ दिस मांडीवर पायजे. मग मला काही नको." हे ऐकून ऐकून तात्या एक दिवस उठले, आणि एसीच घेऊन आले.

त्यात यंदा आला अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा जावयाला बोलावून, पाटावर बसवून, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. आणि फोनवर तात्या या नारायणाला सांगून बसले होते, "एसी घेतलाय, पेशल लाईन वढलीय, या आता बिनघोर!"

"मग आता कसं वो?" चतुराबाई म्हणाल्या. "पाव्हण्याला काय त्या डबड्याकडं नुसतं बघत बसवायचं?"

"तू गप. माझं डोकं चालू हाय."

डोकं चालू होतं ते खरं. पडेगावात राहायला येण्याआधी तात्यांचा जन्म गेला दौलताबादेला, किल्ल्याच्या पायथ्याशी, जांबाच्या म्हणजे पेरूच्या बागेत. विहिरीला पाणी बेताचं, मोटर जुनी. पाट एकच. त्या पाटावर त्यांनी अख्खी बाग पोसली ती दारं धरून. ज्यांनी कधी दारं धरली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: पाटाच्या कडेला एकेका वाफ्याचं एकेक तोंड असतं, ते म्हणजे दारं. एक दारं फोडायचं, वाफा भरला की पुढचं फोडायचं आणि मागचं मातीनं बुजवायचं. सगळी एकदम फोडली तर कुठल्याच वाफ्याला पाणी पोचत नाही. साधा हिशोब आहे. तात्यांनी तोच हिशोब सरळ उचलला आणि घराच्या बोर्डाला लावला.

"एसी चालतोय तवर फ्रिज बंद, मिक्सर बंद, मोटर बंद, कूलर बंद, इस्त्री बंद. सगळी दारं बुजवायची. करंट सगळा एसीच्या वाफ्यात! त्या बन्सीला लाईन वढायची हौस, त्याला काय कळतंय पाण्यातलं!"

खरं सांगायचं तर हिशोबात तशी काही खोट नव्हती. शुक्रवारी त्यांनी फ्रिजचा तीन पायांचा प्लग काढला, एसीचा लावला, घरातलं बाकी सगळं बंद केलं आणि रिमोट दाबला. एसी गुरगुरला. गार वारं आलं. तात्या त्याच्याखाली हात कमरेवर ठेवून असे उभे राहिले की जणू तो त्यांनीच घरी बनवलाय!

फक्त एवढी बटनं सांभाळायला माणसं कमी पडत होती. म्हणून त्यांनी गावाकडून त्रिंबकला बोलावलं. त्रिंबकचा बाप मेंढरं राखायचा. त्रिंबक काही वर्षं मेंढरांमागं हिंडला आणि मग तात्यांच्या बागेत पाण्यावर राहिला. दारं धरण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. अंधारात नुसत्या आवाजावरून सांगायचा, पाणी कुठल्या वाफ्यात चाललंय. तो बायकोला, मंजुळाबाईला, सोबत घेऊनच आला.

"तात्या, रान कुठंय?" आल्या आल्या त्यानं विचारलं.

तात्यांनी त्याला घर फिरून दाखवलं. हे फ्रिजचं बटन, ही मोटर, हा कूलर, ही इस्त्री. त्रिंबकनं सगळं मन लावून बघितलं, प्रत्येक बटन एकदा चाचपलं आणि म्हणाला, "आलं ध्यानात. हे मोठं दारं चालू तवर बाकीची बुजलेली. मी म्हणलं 'तोड' की तोडायचं, 'सोड' म्हणलं की सोडायचं. काळजी सोडा तुम्ही."

तात्यांनी काळजी सोडली. तिथंच चुकलं.

रविवारी जावई आले. रोहिणी आली. आणि जिऊ आली! तीन वर्षांची, दोन शेंड्या, आल्या आल्या आजीच्या कमरेला मिठी. चतुराबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी नातीला उचललं ते खाली ठेवायचं नावच घेईनात. तात्यांनी एवढंच बघितलं आणि मनात पक्कं केलं, काय वाट्टेल ते होवो, आज एसी बंद पडता कामा नये.

जावयाला गार खोलीत बसवलं. एसी सोळावर. तात्या स्वतः मेन बोर्डाखाली खुर्ची टाकून बसले. त्रिंबक बोळीत, खिडकीपाशी, एसीच्या बाहेरच्या डब्याकडं कान लावून उभा. मंजुळाबाई स्वयंपाकघरात, मिक्सर आणि मोटरीच्या बटनांजवळ. बाकी घरात ना पंखा, ना कूलर. मिक्सर बंद म्हणून पुरण पाट्यावर वाटायचं. चतुराबाई आणि मंजुळाबाई घामानं अशा निथळत होत्या की पुरणात मीठ घालायची गरज नव्हती, म्हणजे तशीही नसते.

जरा वेळानं जावई चार्जर घेऊन बाहेर आले. भिंतीवरच्या प्लगकडं हात नेला, तर मध्ये त्रिंबक!

"पाव्हणं, द्या इकडं. तुम्ही नाय हात लावायचा." चार्जर काढून घेतला आणि शेजारच्या सारजाबाईंकडं नेऊन लावला.

मग जावयांनी शर्टाला इस्त्री करायची म्हणून इस्त्री उचलली. त्रिंबकनं दोन्ही हातांनी ती अदबीनं काढून घेतली आणि शर्ट सारजाबाईंकडं पोचता केला. जावई न्हाणीघराकडं निघाले, तर पुढं त्रिंबक. आत दिवा लावायचा तर आधी त्रिंबक ओरडणार, "मंजुळे, समदं तोड!" आतून मंजुळाबाईचा आवाज, "तोडलं!" मग त्रिंबक स्वतः दिवा लावून, दार उघडून, "या" म्हणणार. एवढ्याशा दिव्यानं काही बिघडत नव्हतं, पण हे त्रिंबकला कोण सांगणार? त्याच्या लेखी दारं ते दारं, लहान काय अन् मोठं काय. बाहेरच्या बेलवर सुद्धा त्यानं चिकटपट्टी लावली होती.

जावई पहिल्यांदा बावचळले. मग हळूहळू खुलायला लागले.

"रोहिणी," ते आत जाऊन हळूच म्हणाले, "तुझ्या माहेरी मला कशालाच हात लावू देत नाहीत गं."

रोहिणीलाही काही उमगत नव्हतं. ती बापाकडं गेली. "तात्या, तुम्ही बोर्डाखाली काय बसलात? आत एसीत या की! आन् ह्या तिरमककाकाला काय झालंय?"

"तू जा, पोरी. मला इथं बरं वाटतंय," तात्या म्हणाले. कपाळावरचा घाम नाकावरून टपकत होता.

इकडं जावयाची निराळीच तऱ्हा झाली होती. सोळावरचा एसी, छोटी खोली, आणि बंद करा म्हणायची सोय नाही. एवढा मान चाललाय, त्यात कसं म्हणणार, मला हुडहुडी भरलीय? बिचारे गोधडी पांघरून बसले. जिऊ मात्र खोलीत एक मिनिट थांबली नाही. ती मंजुळाबाईजवळ जाऊन "तोल!" आणि "छोल!" म्हणून ओरडायला शिकली होती.

मग जेवण. गार खोलीतच पाट मांडला, रांगोळी घातली, चतुराबाईंनी औक्षण केलं. ताटात धोंडे, वर तुपाची धार. जावयांनी पहिला घास घेतला आणि तूप टाळ्यालाच थिजलं. मग मात्र त्यांनी विचार केला, जेवणापुरता तरी बंद करू. मांडीखालचा रिमोट हळूच काढला, आणि गुपचूप दाबला.

एसी थांबला.

आता त्रिंबकचा विचार समजून घ्या. त्याचं काही चुकलं नाही. उभ्या जन्मात त्यानं पाण्यावरची एकच आज्ञा पाळली होती: पुढचं दारं फोडल्याशिवाय मागचं बुजवायचं नाही. नाहीतर पाणी तुंबतं, आणि पाट फुटतो. एकदा फुटला की रान वाहून जातं. आणि इथं तर मोठं दारं बुजलं, बाकी सगळी आधीच बुजलेली! एवढा करंट, आणि जायला जागाच नाही!

"तुंबलं!" त्रिंबक जीव खाऊन ओरडला. "मंजुळे, फोड समदी! पाट फुटतोय!"

आणि त्यानं कूलर सोडला. इस्त्री सोडली. चारी पंखे सोडले. मंजुळाबाईनं मोटर सोडली, फ्रिजचा प्लग दुसऱ्या भोकात खुपसला आणि मिक्सर सोडला. तात्या "अरं, अरं!" करत उठले, पण दोघं दोन दिशांना पळत होती. कुणाला धरायचं?

मिक्सरच्या भांड्यात आमटीचं खोबरं-खसखस घालून ठेवलं होतं, पाळी आली की वाटू म्हणून. झाकण चतुराबाईंच्या हातात होतं. सगळं वाटण उडून छताला लागलं आणि तिथून चतुराबाईंच्या डोक्यावर उतरलं. इस्त्री जावयाच्या आहेराच्या उपरण्यावर पालथी ठेवलेली होती. उपरण्याला आधी वास आला आणि मग रंग. गच्चीवरची टाकी सकाळीच काठोकाठ भरलेली, तिच्यात मोटर ओतायला लागली. ते पाणी वरच्या पाईपातून उसळलं आणि भिंतीपलीकडं सारजाबाईंनी वाळत घातलेल्या कुरडयांवर धो धो पडलं.

"सोड की अजून!" त्रिंबक हर्षानं ओरडत होता. "उतरतंय, उतरतंय!"

आणि खट्! मेन पडलं.

घर एकदम चिडीचूप झालं. जावई उष्ट्या हातानं, गोधडी खांद्यावर घेऊन दारात आले. समोर सासूबाई, केसांत खसखस. मंजुळाबाईच्या हातात तपकिरी त्रिकोण पडलेलं उपरणं. त्रिंबक अजून बटनावर बोट ठेवून उभा. आणि भिंतीवरून सारजाबाईंचं डोकं, हातात भिजलेली कुरडई: "अवो तात्यासाहेब! वर्साचं वाळवण गेलं माझं! पाव्हण्याचा शर्ट इस्त्री करून ठिवला, त्याचे हे पांग फेडले व्हय?"

"मामा," जावई म्हणाले, "हे काय चाललंय?"

तात्यांनी जिऊकडं बघितलं. ती आजीच्या केसांतली खसखस वेचून खात होती. खरं सांगितलं तर पेशल लाईनीची थाप उघडी पडणार. उद्या जावई दोघींना गाडीत घालणार, आणि चतुराबाई पुन्हा मोबाईलची काच ओली करणार. तात्यांच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर पडले.

"रीत हाय आमच्याकडं."

"रीत?"

"धोंड्याच्या महिन्यात जावई म्हंजी नारायण. त्यानं बटनाला हात लावायचा नसतो. म्हणून बटनागणिक माणूस ठिवायचा."

"आणि ते 'तोड', 'सोड'?"

"ते म्हणायचं असतं."

"आणि सासूबाईंच्या डोक्यावर...?"

"ते," तात्या म्हणाले, "आपोआप झालं."

जावयांनी रोहिणीकडं बघितलं. रोहिणी याच माणसांत वाढलेली. असली रीत तिनं बापजन्मी ऐकली नव्हती. तिनं बापाकडं बघितलं. घामानं बंडी पाठीला चिकटलेली, चेहरा एवढासा झालेला. मग आईच्या कडेवरच्या लेकीकडं बघितलं. आणि शांतपणे म्हणाली, "व्हय. पणज्यापासूनची रीत हाय. मी सांगायची विसरले."

जावयांनी गोधडी खांद्यावरून उतरवली. "मामा, आमच्या घरी मला पाण्याचा तांब्या पण कुणी हातात देत नाही. आणि तुम्ही माझ्यासाठी सकाळपासून उकाड्यात बसलात. मी मात्र आत गारेगार!" त्यांनी डोळे पुसले, त्यामुळं डोळ्याला पुरण लागलं. "रोहिणी आणि जिऊ महिनाभर इथंच राहतील. मी दर रविवारी येईन. रीत मोडायची नाही."

चतुराबाईंनी नातीला असं आवळलं की ती ओरडली. रडू, हसू, खसखस, सगळं एक झालं. सारजाबाई सुद्धा भिंतीवरून "बया गं" म्हणाल्या आणि कुरडई विसरल्या. तात्यांनी त्रिंबकला सगळी दारं बुजवायला लावून मेन बटन वर केलं, आणि दोन्ही हात जोडून खऱ्या नारायणाचे आभार मानले. जिंकले होते! एका दहाच्या एमसीबीवर जिंकले होते! तो बन्सी भेटला तर त्याला पाटपाण्याचे चार शब्द शिकवायचं त्यांनी नक्की केलं.

जावई जेवण पुरं करून, हात धुऊन आले. नळ अर्थात त्रिंबकनं सोडला. मग सारजाबाईंकडून आलेल्या मोबाईलवर बराच वेळ बोट फिरवत बसले.

"मामा, एक विनंती आहे. नाही म्हणायचं नाही."

"बोला की, पाव्हणं!" तात्या आज काहीही द्यायला तयार होते.

"तुम्ही दोघं असे घामाघूम होता, ते मला बघवत नाही. म्हणून तुमच्या खोलीसाठी एक एसी मागवला आत्ता. उद्या सकाळी येतोय. दोन टनाचा."

तात्या एकदम खाली बसले.

"नको! नको, पाव्हणं! लेकीच्या घरचं घेत नसतेत! आमच्यात... रीत नाय!"

"माझ्याकडून कुठं आहे? जिऊकडून आहे. आणि मामा, तुमची रीत मी पाळली, माझी एवढी तुम्ही पाळा. लाईन तर तुम्ही पेशल ओढलीच आहे."

चतुराबाईंनी पदर तोंडाला लावला. त्रिंबक मात्र उठून बोर्डाखाली गेला, त्या एकुलत्या एक बटनाकडं मान वर करून बराच वेळ बघत राहिला, आणि मग हळू आवाजात म्हणाला,

"तात्या, गावाकडं फोन लावू का? अजून धा-बारा माणसं तरी लागतील."